सही कुणाची?

पिसाची लेखणी दौतीत बुडवा आणि जास्तीची शाई काठावर निथळू द्या. साल १७७६, शहर कलकत्ता. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या नव्या लष्करी खात्यातले कारकून आहात. खातं याच वर्षी उघडलं आहे. कंपनी सरकारच्या निरनिराळ्या कचेऱ्यांतून फौजेविषयी जे हुकूम सुटतात ते वेचून काढायचे, वहीत उतरवायचे आणि सैन्यातल्या माणसांची यादी ठेवायची, एवढंच तुमचं काम. लढाईचा आवाज या खोलीपर्यंत पोचत नाही. पोचतात ते कागद, आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी असते कुणाची तरी सही.

त्या सहीवर लक्ष ठेवा. पुढची दोन-अडीचशे वर्षं तुम्हाला याच टेबलामागे काढायची आहेत. शहर बदलेल, सरकार बदलेल, लेखणी जाऊन टंकयंत्र येईल. तुम्ही मात्र नोंद ठेवणारेच राहाल.

पानं भराभर उलटा. १८३३ च्या सनदी कायद्यानंतर सचिवालयाची चार खाती होतात आणि लष्करी खात्याला स्वतःचा सचिव मिळतो. बंगाल, मुंबई आणि मद्रास या तीन इलाख्यांच्या तीन वेगळ्या फौजा एप्रिल १८९५ मध्ये एकत्र येतात आणि त्यांचं एक हिंदी सैन्य होतं. कागदांचे गठ्ठे वाढतात, काम तेच राहतं.

आता १९०५ च्या शिमल्यात उतरा. पावसाळी धुकं देवदारांत अडकलंय आणि तुमच्या खात्यात सगळे दबक्या आवाजात बोलताहेत, कारण हे खातं राहणार की जाणार याचाच वाद पेटलाय. व्हाइसरॉयच्या मंडळात दोन सेनाधिकारी बसतात. एक सरसेनापती, जो फौजेला हुकूम देतो. दुसरा लष्करी सदस्य, म्हणजे तुमच्या खात्याचा प्रमुख, जो पैसा, पुरवठा आणि कागदपत्र पाहतो. तो हुद्द्याने सरसेनापतीपेक्षा लहान असतो, तरी सरसेनापतीचा प्रत्येक प्रस्ताव त्याच्या टेबलावरून, त्याचा शेरा घेऊन व्हाइसरॉयकडे जातो. सरसेनापती लॉर्ड किचनरना हे सहन होत नाही. सैन्याचा एकच धनी असावा, आणि तो आपण, असं त्यांचं म्हणणं. व्हाइसरॉय कर्झन अडून बसलेत. फौजेबद्दल एकाच माणसाचं मत कानावर आलं तर मुलकी सरकार आंधळं होईल, असं त्यांचं म्हणणं.

लंडनचं सरकार किचनरच्या बाजूने झुकतं. ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झन राजीनामा देतात. १९०६ मध्ये तुमचं लष्करी खातं मोडीत निघतं. त्याच्या जागी सैन्य खातं आणि लष्करी पुरवठा खातं अशी दोन दारं उघडतात आणि तीन वर्षांत पुरवठ्याचं दारही बंद होतं. आता फौजेचा धनी आणि फौजेविषयी सरकारला सल्ला देणारा एकच. बंगालची फाळणी करणारा म्हणून कर्झन आपल्याकडे नावडता आहे आणि ते रास्तच आहे. पण या एका भांडणात त्याचं बरोबर होतं, असं मला ठामपणे वाटतं.

का, ते बघायला अकरा वर्षं पुढे चला. एप्रिल १९१६. तुमच्या टेबलावर मेसोपोटेमियातून तारा येताहेत. तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा गावात डिसेंबरपासून वेढ्यात सापडलेली फौज आहे सहावी डिव्हिजन, पुण्याचं नाव लावणारी. तिच्यात मराठा पलटणी आहेत. घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांतून भरती झालेली माणसं उपासमारीने खंगताहेत. बोटी नाहीत, औषधं नाहीत. जखमी मुंबई बंदरात उतरतात ते अशा अवस्थेत की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. २९ एप्रिलला सुमारे तेरा हजारांची ही फौज शरण जाते. पुढच्या वर्षी चौकशी आयोग जी कारणं देतो त्यांत हिंदुस्थानातल्या लष्करी कारभाराची घडी हेही एक आहे. फौज चालवणं आणि खातं चालवणं ही दोन ओझी एकाच खांद्यावर टाकली होती. शिमल्यातल्या एका शेऱ्याची किंमत कुतच्या चिखलात मोजली गेली. मोजणारे सातारा-रत्नागिरीकडचेही होते आणि त्यांना किचनर-कर्झन वादाची गंधवार्ताही नव्हती.

दिल्लीला या. रायसीना टेकडीवर हर्बर्ट बेकरने बांधलेल्या दोन जुळ्या इमारती, खाली तांबडा दगड, वर फिकट पिवळसर. दक्षिणेकडची ती साउथ ब्लॉक. रुंद जिने, उंच छत, आणि पावलांचा आवाज आपल्याआधी पुढे पोचेल असे लांबच लांब व्हरांडे. जानेवारी १९३८ मध्ये सैन्य खात्याचं नाव संरक्षण खातं होतं. २ सप्टेंबर १९४६ ला हंगामी सरकार येतं आणि सरदार बलदेवसिंग संरक्षणाचं काम हाती घेतात. एक मुलकी माणूस, एक हिंदी माणूस. आजवर या जागी सरसेनापती बसत असे. पुढच्या ऑगस्टात खात्याचं मंत्रालय होतं आणि बलदेवसिंग स्वतंत्र देशाचे पहिले संरक्षणमंत्री.

तुम्ही त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत याद्या करताय. तोफा, ट्रक, दवाखाने, बँडची वाद्यं आणि माणसं, सगळ्यांची वाटणी सुरू आहे. कालपर्यंत एका भांड्यात जेवलेल्या कंपन्यांपैकी एक लाहोरच्या गाडीत बसते, दुसरी मागे राहते. या याद्या करताना हात थरथरला नाही असा कारकून नसावा.

नवं सरकार एक गोष्ट न बोलता करतं. सरसेनापतीचा बंगला म्हणजे फ्लॅगस्टाफ हाउस, व्हाइसरॉयच्या प्रासादाखालोखाल दिल्लीतली मानाची वास्तू. १९४८ मध्ये तिथे पंतप्रधान नेहरू राहायला जातात आणि तिचं नाव पुढे तीन मूर्ती भवन होतं. १९५५ मध्ये सरसेनापती हे पदच जातं आणि भूदल, नौदल, हवाई दल यांचे तीन समान प्रमुख उरतात. देशावर बंदुकीची हुकमत चालणार नाही, हे या देशाने आरंभालाच पक्कं केलं. शेजारच्या पाकिस्तानात १९५८ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली ते आठवलं की या निर्णयाचं मोल कळतं.

पण ताबा ठेवणं वेगळं आणि ऐकून घेणं वेगळं. ३१ ऑगस्ट १९५९. लष्करप्रमुख जनरल थिमय्या राजीनामा लिहितात. हे १९४८ मध्ये झोजी खिंडीच्या उंचीवर रणगाडे चढवणारे थिमय्या. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी त्यांचं पटत नाही. बढत्यांपासून धोरणापर्यंत सगळीकडे खटके. नेहरू त्यांना बोलावून राजीनामा मागे घ्यायला लावतात आणि दोनच दिवसांनी लोकसभेत सांगतात की मुलकी सत्ता श्रेष्ठ आहे आणि राहिली पाहिजे. तत्त्व बरोबर. पण व्हरांड्यातून चालणाऱ्या अधिकाऱ्यांचे चेहरे बघा. मोकळेपणी बोललं की काय होतं, ते त्यांनी पाहिलंय. यानंतर या इमारतीत सत्य बोलणाऱ्यांचा आवाज खालच्या पट्टीत जातो. मेनन बुद्धिमान होते, देशात शस्त्रं बनावीत म्हणून झटले, गोव्याची मुक्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. तरीही सांगायला हवं: ज्या मंत्र्यापुढे सेनापती जपून बोलतो, त्याला खरी बातमी मिळत नाही.

आता २२ सप्टेंबर १९६२. खोलीत जा आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसा. संरक्षणमंत्री संयुक्त राष्ट्रांसाठी न्यूयॉर्कला आहेत, पंतप्रधानही परदेशी. बैठक चालवताहेत राज्यमंत्री रघुरामय्या. ईशान्य सीमेवर थागला डोंगराखाली, नामका चू नदीकाठी चिनी फौज उतरली आहे आणि तिला हुसकावून लावायचं ठरतंय. लष्करप्रमुख थापर सावधगिरीचा इशारा देतात: इथे हात घातला तर चीन लडाखमध्ये उलट वार करू शकेल. परराष्ट्र खात्याचा अंदाज असा की फार तर एखाददुसरी चौकी जाईल. थापर मग एक मागणी करतात. हुकूम लेखी हवा.

हा क्षण नीट बघा. देशाचा सेनापती, ज्याच्या शब्दावर लाखो माणसं हलतात, तो लेखी कागद मागतोय, कारण त्याचं मन ग्वाही देत नाही. आणि लेखी हुकूम येतो तो सही कुणाची घेऊन? मंत्र्याची नाही, पंतप्रधानांचीही नाही. एका सहसचिवाची. टेबलावरून तो कागद तुमच्याकडे येतो आणि तुम्ही तो नोंदवहीत चढवता. चार-सहा ओळी असतील. त्या ओळींच्या जोरावर सातवी ब्रिगेड उंचावरच्या थंडीत, सुती कपड्यांत, मोजक्या काडतुसांनिशी नदीकाठी जाऊन बसते. याच सुमारास मंत्र्यांच्या बैठका अतिगोपनीय म्हणून त्यांची टिपणंही ठेवायची नाहीत असं ठरतं. तुमची लेखणी खाली ठेवलेली. नोंद नाही म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही.

२० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी तोफा सुरू होतात. काही तासांत ती ब्रिगेड संपते. ब्रिगेडियर जॉन दळवी कैद होतात. ज्यांच्याकडे ईशान्येचं कोअर सोपवलं होतं ते जनरल कौल आजारी होऊन दिल्लीत घरी आहेत आणि बिछान्यातून सूत्रं हलवताहेत. ३१ ऑक्टोबरला मेननना संरक्षण खातं सोडावं लागतं, ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळही. से-ला खिंड जाते, बोमदिला जातं. रस्त्यावर बायका हातातल्या बांगड्या उतरवून संरक्षण निधीत टाकताहेत. साउथ ब्लॉकमध्ये कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

२१ नोव्हेंबरला या व्हरांड्यातून एक माणूस चालत येतो. ठेंगणा, भरल्या अंगाचा, पांढऱ्या टोपीचा, वय एकोणपन्नास. यशवंतराव चव्हाण. कालपर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. देवराष्ट्र्यासारख्या खेड्यात जन्मलेला, आईच्या कष्टावर शिकलेला, १९४२ मध्ये साताऱ्यात भूमिगत राहून इंग्रज सरकारशी लढलेला हा माणूस त्याच सरकारने बांधलेल्या इमारतीत संरक्षणमंत्री म्हणून पाऊल ठेवतोय. मुंबईत आणि महाराष्ट्रात लोकांच्या तोंडी एकच गोष्ट आहे: हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. दिल्लीत मात्र वेगळी कुजबुज आहे. प्रांताच्या राजकारणातला माणूस, फौजेचा अनुभव शून्य. याला काय कळणार?

आणि काळाचा खेळ बघा. सूत्रं हाती घेताच बातमी येते की चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आहे. १ डिसेंबरपासून फौजा मागे घेणार. लढाई थांबली. आता उरलाय तो पराभव, आणि तो आवरण्याचं काम नव्या मंत्र्याकडे. थापर गेलेत, त्यांच्या जागी जनरल जयंतनाथ चौधुरी आलेत, जे वर्षभरापूर्वी पुण्याच्या दक्षिण कमांडचे प्रमुख म्हणून गोव्याच्या मोहिमेची सूत्रं सांभाळत होते. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे ॲव्हरेल हॅरिमन आपला ताफा घेऊन दिल्लीत उतरतात. काय हवं, किती हवं, कशासाठी हवं, असे प्रश्न सुरू होतात आणि उत्तरं द्यायला नवे मंत्री बसलेत. त्यांना अजून आपल्या मंत्रालयाचे जिनेही पुरते ठाऊक झालेले नाहीत.

तुम्ही त्यांच्या खोलीत पहिले काही दिवस काढा. तुमच्या वहीत भाषणं येणार नाहीत, कारण ते फारसं बोलत नाहीत. प्रश्न येतील. रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख, संरक्षण सचिव आणि मंत्री एका टेबलाभोवती बसतात. काल काय घडलं, आज काय अडलं, कुणाला काय हवं. कुणी बोलत असेल तर त्याला मध्येच तोडायचं नाही. साहेब ऐकतात, मान हलवतात, मग एखादा नेमका प्रश्न विचारतात, आणि निर्णय असेल तर तिथेच होतो. एवढ्याने काय होणार, असं तुम्हाला वाटेल. काही आठवड्यांनी मात्र व्हरांड्यातून चालणाऱ्या गणवेशातल्या माणसांची चाल बदललेली दिसेल. ज्या खोलीत बोलायला लोक धजत नव्हते तिथे ते हरकती घेताहेत. हे चव्हाणांचं सगळ्यात मोठं काम, असं मला वाटतं, आणि ते कुठल्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

दुसरं काम म्हणजे चौकशी. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांना नेमलं जातं. हे भगत म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. विषय असतो पराभवाची लष्करी कारणं. १९६३ मध्ये अहवाल येतो आणि २ सप्टेंबरला चव्हाण संसदेत उभे राहतात. प्रशिक्षण डोंगरी लढाईला पुरेसं नव्हतं, साधनं अपुरी होती, हुकुमाची साखळी सुटली होती, काही वरिष्ठांत कसूर होती, हे ते मान्य करतात. फौज कितीही मोठी आणि सुसज्ज असली तरी तिला धोरणाची दिशा सरकारनेच द्यावी लागते, हेही सांगतात. मेननवर चिखल उडवत नाहीत, नेहरूंना वाचवायला फौजेचा बळीही देत नाहीत. किती अवघड असेल हे! पंतप्रधान समोरच बसलेत, विरोधक दात-ओठ खाताहेत आणि सीमेवर लढलेल्यांपैकी १,३८३ जण परत आलेले नाहीत, १,६९६ जणांचा पत्ता नाही.

अहवाल मात्र पूर्ण ठेवला जात नाही. तो तुमच्या कपाटात येतो. किल्ली फिरवा, पण विसरू नका. आपण परत तिथे येणार आहोत.

१९६४ कडे जाताना थोडं भरभर. शस्त्रांच्या निर्मितीसाठी स्वतंत्र विभाग नोव्हेंबर १९६२ मध्येच निघालाय. डोंगरी डिव्हिजन उभ्या राहताहेत. पाच वर्षांची पहिली संरक्षण योजना तयार होते: सव्वाआठ लाखांचं भूदल, पंचेचाळीस स्क्वॉड्रनचं हवाई दल. मदतीसाठी चव्हाण वॉशिंग्टनला जातात आणि तिथेच २७ मे १९६४ ला त्यांना नेहरू गेल्याची बातमी कळते. पुढे मॉस्को. मिग-२१ विमानांचे कारखाने देशात यायचे असतात आणि त्यांतला एक नाशिकजवळ ओझरला येतो. नाशिकने १९६३ मध्ये चव्हाणांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं होतं. ओझरच्या माळावर त्या वेळी विमानाच्या सांगाड्याला हात लावणारी पहिली पोरं आसपासच्या गावांतली होती. ही योजना म्हणजे आपल्या मंत्रालयाने युद्ध संपल्यावर आरामात लिहिलेला कागद नव्हता. पुढचं युद्ध येणार हे धरून लिहिलेला होता.

ते आलंच. १ सप्टेंबर १९६५, बुधवार. पहाटेपासून छांब भागात पाकिस्तानी तोफखाना धडाडतोय आणि त्यामागून पॅटन रणगाडे येताहेत. त्यांचा रोख अखनूरकडे आहे. चिनाबवरचा तिथला पूल गेला तर राजौरी-पूंछची आपली फौज तुटेल. आपल्याकडे तिथे हलक्या एएमएक्स रणगाड्यांची एक तुकडी आणि एक पायदळ ब्रिगेड. दुपार कलते. साउथ ब्लॉकमध्ये चव्हाणांची बैठक चाललेली असताना लष्करप्रमुख चौधुरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग खोलीत येतात.

उठून उभे राहा. या खोलीतली हवा जड झालीय. चौधुरींना हवाई हल्ला हवा आहे, आणि आत्ता हवा आहे, कारण अंधार पडला की उद्यापर्यंत अखनूर राहणार नाही. १९६२ मध्ये याच इमारतीने लढाऊ विमानं वापरायची नाहीत असं ठरवलं होतं. शहरांवर बॉम्ब पडतील ही भीती होती. आजही तीच भीती आहे. विमानं उडाली की ही काश्मीरच्या एका कोपऱ्यातली चकमक राहणार नाही. पंतप्रधान शास्त्रींना विचारायचं, मंत्रिमंडळाची समिती बोलवायची, तिथे चर्चा करायची, तर दिवस मावळेल. सगळ्यांच्या नजरा एका माणसावर.

चव्हाण अर्जनसिंगांना विचारतात, किती वेळ लागेल. तासाभरात, असं उत्तर येतं. थोडा वेळ जातो. मग होकार. दोन-चार वाक्यं झाली असतील, त्याहून जास्त नाही. वर विचारून सांगतो, असं म्हणायला जागा होती आणि तसं म्हटलं असतं तर नंतर कुणी बोटही दाखवलं नसतं.

सव्वापाचच्या पुढे पठाणकोटच्या धावपट्टीवरून पहिली व्हँपायर विमानं उडतात. ही जुनी विमानं. पाकिस्तानी सेबर त्यांच्यापेक्षा वेगवान आणि भारी. त्या संध्याकाळी चार व्हँपायर परत येत नाहीत. धुरळ्यात आणि मावळत्या उजेडात आपल्याच काही तुकड्यांवरही मारा होतो. ही किंमत तुम्ही वहीत लिहा, लपवू नका. पण पुढे येणारे रणगाडे थबकतात. मिळालेल्या वेळात फौज सावरते, आणि अखनूर हाती राहतं. ६ सप्टेंबरला भारतीय सैन्य लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडतं.

तीन वर्षांपूर्वीचा तो सहसचिवाच्या सहीचा कागद आठवा आणि ही संध्याकाळ. इथे सहीच नाही. तोंडी हुकूम आहे. पण हुकूम कुणाचा, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे, पंतप्रधानांनाही कळलं आहे आणि ते त्यामागे उभे आहेत. त्या रात्री विमानतळावर हिशेब करणाऱ्या वैमानिकालाही ठाऊक आहे की आपल्याला पाठवणारा माणूस कोण.

म्हणून काय याच मंत्रालयाने सगळंच बरोबर केलं? नाही. नौदलाच्या कार्यालयात डोकावा. नौदलप्रमुख आहेत व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण. विमानवाहू विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला पडली आहे, ठीक. पण उरलेलं आरमार घेऊन निघायची त्यांची तयारी आहे. आणि मंत्रालयातून कागद येतो: मुंबईपासून दोनशे मैलांपलीकडे आणि पोरबंदरच्या उत्तरेला पुढाकार घेऊन कारवाई करायची नाही. पुन्हा सही एका अधिकाऱ्याची. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजं द्वारकेवर तोफा डागून निघून जातात. सोमणांना ही बंधनं मुळीच मान्य नव्हती आणि त्यांनी आपली हरकत मंत्र्यांपर्यंत नेली, पण बंधनं उठली नाहीत. समुद्रात आणखी एक आघाडी उघडायची नाही, हे सरकारचं धोरण समजण्यासारखं होतं. तरी ज्या चव्हाणांनी हवाई दलाला काही मिनिटांत मोकळं केलं, त्यांच्याच हाताखाली नौदलाचे हात बांधलेले राहिले. या कागदावरही मंत्र्यांचीच सही असायला हवी होती.

युद्ध २३ सप्टेंबरला थांबतं. जानेवारीत चव्हाण शास्त्रींबरोबर ताश्कंदला असतात. १० तारखेला करार होतो आणि त्याच उत्तररात्री शास्त्री जातात. नोव्हेंबर १९६६ मध्ये चव्हाण गृहमंत्री होऊन शेजारच्या नॉर्थ ब्लॉकमध्ये जातात. त्यांच्या खोलीत सरदार स्वर्णसिंग येतात, मग जगजीवनराम, ज्यांच्या काळात १९७१ मध्ये लष्करप्रमुख माणेकशांनी युद्धासाठी पावसाळा संपेपर्यंत थांबायला हवं असं तोंडावर सांगितलं आणि ते ऐकलं गेलं. पुढे शंकरराव चव्हाण काही महिने, १९९१ ते ९३ शरद पवार, २०१४ ते १७ गोव्याचे मनोहर पर्रीकर. १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दल प्रमुख होतात आणि त्यांच्यासाठी मंत्रालयात सैन्यविषयक नवा विभाग निघतो. स्वतंत्र भारतात गणवेशातला माणूस पहिल्यांदाच सरकारचा सचिव म्हणून फाईलवर सही करू लागतो. किचनरच्या मागणीपेक्षा हे वेगळं आहे, कारण वर मंत्री आहे आणि बाजूला मुलकी संरक्षण सचिवही आहे. पण १९०५ च्या शिमल्यातला प्रश्न पुन्हा टेबलावर आला आहे, एवढं तुमच्यासारख्या जुन्या कारकुनाच्या लक्षात येईल.

आता त्या कपाटाकडे या. २०१४ मध्ये अहवालाचा काही भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल इंटरनेटवर टाकतात, म्हणजे जगात कुणालाही तो वाचता येतो. जुलैमध्ये राज्यसभेत सरकार उत्तर देतं की ब्रुक्स-भगत अहवाल प्रसिद्ध करणं राष्ट्रहिताचं नाही. सरकार बदलून दोन महिनेही झालेले नाहीत. आधीच्यांचं उत्तरही हेच होतं. २२ सप्टेंबर १९६२ च्या खोलीतलं कुणी बहुधा हयात नाही. तिथल्या चौक्यांची ठिकाणं, तोफांची संख्या, हुकुमाची साखळी, काहीच आता तसं उरलेलं नाही. नामका चूच्या काठी पडलेल्यांच्या घरी मात्र नातवंडं आहेत, आणि आपला आजोबा कुणाच्या हुकमाने तिथे उभा होता, हे त्यांना पूर्ण अहवालातून, सरकारच्या हातून वाचायला मिळालं पाहिजे. मॅक्सवेलच्या अर्ध्या पानांवरून नाही.